आईने उजळलेली तीन नाणी

खंडेनवमीच्या संध्याकाळी दवाखान्यातून घरी आले तर हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर माझा मेटल डिटेक्टर आडवा ठेवलेला, त्याच्या गोल कॉइलला हळदकुंकू, बाजूला पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यातली नेमकी जागा दाखवणारी दांडी, आणि छोटं फावडं, आणि पुढ्यात स्टीलच्या वाटीत तीन नाणी. लख्ख. ताम्हण घासून उन्हात ठेवल्यावर दिसतं तसा गुलाबी तांबूस रंग.

"किती काळीकुट्ट झाली होती गं ती," आई म्हणाली. "चिंच-मीठ लावलं, दोन मिनिटांत निघालं सगळं. बाकीची हट्टी आहेत, ती परत पाण्यात टाकलीत. उद्या बघते."

मी वाटी उचलली. सकाळी त्या नाण्यांवर जे होतं ते सिंकमधून वाहून गेलं होतं. आईवर ओरडले नाही हे खरं, पण त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. तोंडातून शब्दच फुटेना.

तिची चूक किती आणि माझी किती, याचा हिशेब मी नंतर बराच काळ करत होते, आणि तो माझ्या बाजूने कधीच लागला नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

शेत

मी मूळची कोल्हापूरची, गेली अकरा वर्षं इंग्लंडच्या नैऋत्य भागात दातांची डॉक्टर म्हणून काम करते. मशीन घेऊन शेतं धुंडाळायचा नाद माझ्या एका पेशंटने लावला. सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ, तीस वर्षं हेच करतायत. इथे हा छंद कायद्याने चालतो, पण अटी आहेत. जमीनमालकाची परवानगी हवी, संरक्षित पुरातत्त्वीय जागेवर पाऊल टाकायचं नाही, आणि १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टमध्ये बसणारं काही सापडलं तर १४ दिवसांत कळवायचं. बाकी वस्तूंची नोंद ऐच्छिक. त्यासाठी १९९७ पासून एक योजना चालते, आता ती ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यात तिचे अधिकारी बसतात. 'फाइंड्स लिएझन ऑफिसर' असं लांबलचक नाव आहे, सगळे एफएलओ म्हणतात.

आमच्या शेतकऱ्याच्या एका उतारावरच्या शेतात गव्हाची कापणी झाली होती. पुढे वसंतात बार्ली घ्यायची म्हणून धसकटं तशीच उभी होती. सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी चार नाणी मिळाली, दुसऱ्या शनिवारी पाच. सगळी रोमन, सगळी लहान: आपल्याकडचे स्टीलचे दहा पैसे आठवतात ना, साधारण तेवढी. खोली वीतभरसुद्धा नाही. सगळी मिळून पंधरा-वीस पावलांच्या पट्ट्यात, उताराच्या दिशेने विखुरलेली. नांगर दर वर्षी थोडं थोडं खाली ओढत नेतो.

इथे पहिली चूक. पाच नंबरचं नाणं हातात आलं आणि मी ते अंगठ्याने पुसलं. कोणीही पुसेल. चेहरा दिसतोय का ते बघायची घाई असते. पण मातीत वाळू असते, वाळूत गारगोटीचे कण, आणि गारगोटी तांब्याहून कितीतरी कठीण. अंगठा म्हणजे तेवढ्यापुरता सँडपेपर. त्या नाण्याच्या एका बाजूला आजही अर्धगोलाकार बारीक ओरखडे आहेत, ते आईचे नाहीत.

दुसरी चूक कायद्याच्या आडोशाने केली. साध्या धातूच्या, म्हणजे सोनं-चांदी दहा टक्क्यांहून कमी असलेल्या, तीनशे वर्षांपेक्षा जुन्या नाण्यांचा एकाच ठेवीतला ढीग 'ट्रेझर' ठरायला किमान १० नाणी लागतात. माझ्याकडे नऊ होती. "नऊच आहेत की," म्हणून मी नोंदणीचं पुढे ढकललं. एकत्र सांडलेली दिसत होती, दहावं जमिनीत असणारच हे कळत होतं, तरी ढकललं. घरी आणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घातली. त्याआधी ओट्यावर ठेवून मोबाइलवर घाईघाईत फोटो काढले, तेही शेतात मिळालेल्या क्रमाने नव्हे. आणि भिजत घातलेला डबा स्वयंपाकघरात ठेवला, सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला काहीही न सांगता.

कळंक

आपल्याकडे तांबं म्हणजे घासायची वस्तू. पितळी भांड्यात ताक राहिलं की कळकतं, म्हणून कल्हई लावायची. देव काळे पडले की चिंचेच्या कोळाने उजळायचे. दसरा-दिवाळी आली की घरातला प्रत्येक तांब्या, समई, गडवा अंगणात येतो. माझ्या आजीला कळकलेलं भांडं दिसलं की तिला ते घराच्या वळणावरचा डाग वाटायचा. या संस्कारात वाढलेल्या बाईला मातीने माखलेलं तांब्याचं नाणं दिसल्यावर तिने दुसरं काय करावं?

पण भांडं आणि जमिनीतून निघालेलं नाणं यांत एक मूलभूत फरक आहे. भांड्यावरचा काळेपणा म्हणजे वरचा केसाएवढासुद्धा नसलेला थर. खाली अख्खं भांडं शाबूत असतं. नाणं सोळा-सतरा शतकं ओल्या मातीत पडलं की त्यातलं तांबं बाहेरच्या बाजूने हळूहळू परत खनिज होत जातं. आत लालसर क्युप्राइट, त्यावर हिरवा मॅलेकाइट, आणि सगळ्यात बाहेर मातीचे कण धरून बसलेले खडबडीत फोड. नाण्यावरची अक्षरं, राजाचं नाक, शिरस्त्राणाची कड असलेला मूळ पृष्ठभाग बहुतेक वेळा या थरांच्या मधेच कुठेतरी असतो. तिथे धातू उरलेला नसतो, तरी आकार उरलेला असतो.

मला हे माझ्या धंद्याच्या भाषेत असं कळलं: दातावरचं किटण खरवडलं की खाली दात असतो. या नाण्यांत किटण म्हणजेच दात.

चिंचेत टार्टरिक आम्ल असतं. ते हिरवा आणि लाल थर दोन्ही विरघळवतं. थांबतं कुठे? उघड्या धातूवर. म्हणजे मूळ पृष्ठभाग ओलांडून, त्याच्या पार खाली. लिंबू, व्हिनेगर, कोला, सगळ्यांचं तेच. इंटरनेटवर बॅटरी चार्जर लावून विजेने साफ करायचे व्हिडिओ आहेत, ते तर या सगळ्यांचे बाप. ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने भिजवायची जुनी पद्धत सौम्य समजली जाते, पण तेलातही आम्ल असतंच, फक्त ते सावकाश खातं. पुण्याच्या जुन्या बाजारात गुलाबी चकचकीत शिवराया मांडलेल्या असतात ना, त्यांवरचं 'श्री राजा शिव' अर्धवट पुसट का असतं याचं निम्मं उत्तर वापरात आहे, आणि उरलेलं निम्मं विकणाऱ्याच्या मोरीत.

आणि मीठ. आम्लापेक्षा मला आता मिठाची जास्त भीती वाटते. त्याचं कारण पुढे डिसेंबरात कळलं.

दहावं, अकरावं, बारावं

दसऱ्यानंतरच्या शनिवारी त्याच पट्ट्यात, थोडं वरच्या अंगाला, आणखी एक सिग्नल आला. या वेळी मी काहीही पुसलं नाही. मातीच्या ढेकळासकट हातात घेतलं तर ढेकळाच्या कडेला दोन नाणी एकमेकांना चिकटलेली. पलीकडे हातभर अंतरावर एक सुटं. बारा झाली.

सोबत आलेले ते पेशंट गृहस्थ तिथेच खाली बसले. म्हणाले, आता फावडं ठेव. त्यांनी खड्डा परत बुजवला, जागेचे आकडे जीपीएसवर घेतले, आणि मला घरी जाईपर्यंत बजावत राहिले की हे दोन वेगळे करायचे नाहीत, पाण्यात टाकायचे नाहीत, ढेकळासकट डब्यात ठेवायचे. डब्याच्या झाकणावर मी मार्करने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आई, हात लावू नकोस.' आईने ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

याच भागात, सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ, एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प नावाच्या हॉस्पिटलातल्या आचाऱ्याला रोमन नाण्यांनी भरलेला रांजण सापडला होता. आत ५२,५०३ नाणी, वजन सुमारे १६० किलो. त्याने खणताना रांजणाची कड आणि नाणी पाहिली आणि थांबला. खड्डा बुजवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी रांजण थराथराने रिकामा केला, म्हणून एक गोष्ट कळू शकली: सगळ्यात नव्या नाण्यांचा, म्हणजे ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवून घेणाऱ्या कॅरॉसियसच्या नाण्यांचा, मोठा भाग रांजणात बऱ्याच खाली होता. वर्षानुवर्षं गल्ल्यात टाकावेत तसे पैसे साठवले असते तर नवे वर असते. म्हणजे रांजण बहुधा एकाच वेळी भरला गेला. सगळं बादलीत ओतून धुतलं असतं तर तितकीच नाणी राहिली असती, पण ही गोष्ट गेली असती. हे मला तोंडपाठ होतं. गप्पांत मी ते लोकांना ऐकवायचेसुद्धा. माझ्या नऊ नाण्यांना ते लागू आहे असं मात्र मनाला शिवलं नाही, कारण नऊ म्हणजे काय, चिल्लर.

नोंदणीच्या टेबलावर

एफएलओ बाई तरुण होत्या, बोलण्यात सौम्य, आणि प्रश्न विचारण्यात वकिलासारख्या. बारा नाणी त्यांनी पांढऱ्या फोमवर मांडली. नऊ मातकट-हिरवी, तीन गुलाबी.

"ही कोणी साफ केली?"

"आईने." मग मला माझीच लाज वाटली. "म्हणजे, मी उघड्यावर ठेवली होती."

त्यांनी काहीच म्हटलं नाही. ओळख पटवायला सुरुवात केली. बहुतेक सगळी 'उर्ब्स रोमा' प्रकारातली निघाली. इसवी सन ३३० नंतरच्या दशकात, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात पाडलेली. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, रोम शहराची मूर्तिमंत देवी. दुसऱ्या बाजूला लांडगीण, पोटाखाली रोम्युलस आणि रेमस ही जुळी पोरं दूध पितायत, आणि लांडगिणीच्या पाठीवर आकाशात दोन तारे. ब्रिटनच्या शेतांत हे नाणं भरपूर सापडतं. किमतीत फार काही नाही.

नाणं कुठल्या टांकसाळीचं ते लांडगिणीच्या पायाखालच्या दोन-तीन अक्षरांवरून कळतं. आमच्यातली बरीचशी आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरची. शहराची दोन अक्षरं टी आणि आर, मग कार्यशाळेचं अक्षर: पहिली असेल तर पी, दुसरी असेल तर एस. म्हणजे पहिल्या कार्यशाळेच्या नाण्यावर चक्क 'टीआरपी' लिहिलेलं असतं. हे ऐकून मला हसू आलं, पण का ते त्यांना सांगता येईना. मालिकांची चढाओढ इंग्रजीत समजावून सांगायला कुठून सुरुवात करणार!

गुलाबी तिघांपैकी एकावर टी आणि आर दिसत होते. तिसऱ्या अक्षराच्या जागी गुळगुळीत धातू. दुसऱ्यावर लांडगीण होती पण पोरं नव्हती. तिसऱ्याचं फारसं बिघडलं नव्हतं, ते मुळातच कमी खाल्लेलं असावं.

मग चिकटलेल्या जोडीची पाळी. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ गप्प बसल्या, आणि मला बोलावलं. वरच्या नाण्याच्या कडेला, हिरव्या थरात, एक जाळी होती. उभे-आडवे धागे, एकाखालून एक गेलेले. कापड. कापड आता उरलेलं नव्हतं. तांब्याचे क्षार बुरशी-जंतूंना मारतात, म्हणून नाण्याला चिकटलेला धागा लगेच कुजला नाही, आणि हळूहळू त्या क्षारांनीच त्याची जागा घेतली. वीण तेवढी राहिली. मी आयुष्यभर ज्याला कळंक म्हणत आले त्यात कोणाच्या तरी पिशवीचं कापड जपलेलं होतं.

म्हणजे ही सुटी सांडलेली चिल्लर नव्हती. पिशवी होती. कोणाच्या तरी कमरेची, किंवा मुद्दाम पुरलेली.

त्यांनी मला मोबाइलवरचे जुने फोटो मागितले. ओट्यावर, ट्यूबलाइटखाली, डब्याच्या सावलीत काढलेले. त्यातल्या एका फोटोत, नंतर गुलाबी झालेल्या एका नाण्यावर, कडेला काळसर रेघा होत्या. त्यांनी स्क्रीनवर मोठं केलं. रेघा समांतर होत्या, दोन ठिकाणी आडव्याही. आणखी मोठं केल्यावर सगळं चौकोनी ठिपक्यांत फुटलं.

"असू शकेल," त्या म्हणाल्या. अहवालातही तेवढंच आलं: असू शकेल.

हिरवे ठिपके

नाणी तिथेच ठेवून घेतली गेली. बारा झाल्यामुळे आता हे ट्रेझरचं प्रकरण होतं, कोरोनरकडे, म्हणजे अशा प्रकरणांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणार होतं. डिसेंबरात फोन आला. उजळलेल्या नाण्यांपैकी एकावर फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके उठले होते. बोटाने झटकले तर गळतील असे.

इथे याला 'ब्राँझ डिसीझ' म्हणतात. नाव रोगाचं असलं तरी जंतूबिंतू काही नाही. धातूच्या छिद्रांत क्लोराइड अडकलेलं असतं. ते जमिनीतूनच येतं, पोटॅशसारख्या खतांतूनही येतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून हिरवी पूड बनते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल. ते आम्ल आतल्या तांब्याला खाऊन पुन्हा क्लोराइड बनवतं, आणि गाडी परत पहिल्या स्टेशनवर. एकदा सुरू झालं की कोरडं ठेवल्याशिवाय थांबत नाही. जमिनीत जे थर तयार झाले होते ते काढून टाकले, धातू उघडा पडला, आणि वरून मीठ चोळलं. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. रोग आम्ही वाटीत कालवून लावला होता.

तज्ज्ञांकडे उपाय आहेत. डिस्टिल्ड वॉटरचे वारंवार बदललेले धुवे, बेंझोट्रायझोल नावाच्या रसायनाची प्रक्रिया, वर पारदर्शक लेप. बेंझोट्रायझोल विषारी आहे, हातमोजे आणि वाफ ओढणारा पंखा असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि घरी तर मुळीच नाही. घरी करण्याजोगं एकच: नीट सुकवून, सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. बुटाच्या खोक्यातल्या त्या छोट्या पुड्या मी फेकायचे, आता बरणीत साठवते.

आई तोवर परत गेली होती. तिला हे सांगितलं नाही.

सात नंबर

प्रकरण चौदा महिने चाललं. कुठल्याही संग्रहालयाला नाणी विकत घ्यायची नव्हती. इतकी सामान्य नाणी त्यांच्याकडे ढिगाने असतात. नोंद, वजनं, फोटो, कापडाच्या विणीचं वर्णन, सगळं कायमचं जमा झालं, आणि नाणी क्रमांक टाकलेल्या पिशव्यांतून आमच्याकडे परत आली. चिकटलेली जोडी तशीच चिकटलेली. ती मी कधीही सोडवणार नाही.

उरलेल्यांतलं सात नंबरचं मात्र साफ करायला हरकत नाही असं एफएलओ बाई म्हणाल्या. त्यावर विणीचा काही मागमूस नव्हता, आणि दोन्ही बाजूंचे फोटो झालेले होते. म्हणून एका शुक्रवारी रात्री दवाखान्यातले भिंग लावलेले चष्मे घरी आणले, साडेतीनपट मोठं दाखवणारे.

नाणं कोरडंच, मऊ रबरी गादीवर. पहिलं हत्यार बांबूची काडी, कबाबाला लावतात ती, टोक काढलेली. दुसरं गुलाबाचा वाळलेला काटा. लाकूड आणि काटा यांचं बरं असतं: जोर जास्त झाला तर तेच मोडतात, नाणं नाही. कठीण जागी डिस्टिल्ड वॉटरचा एकच थेंब, थोडा वेळ थांबायचं, मग टोकाने ढकलायचं. ओढायचं नाही, ढकलायचं, बाहेरच्या दिशेने.

पहिल्या रात्री फक्त माती निघाली. दुसऱ्या रात्री लांडगिणीची मान. मातीचा कण सुटला की खालून एक काळपट हिरवा, गुळगुळीत, मेणचट चमक असलेला थर दिसतो. तो दिसला की थांबायचं. हाच तो. याच्या खाली काही सुंदर दडलेलं नाही. हात मात्र थांबत नाही. आणखी थोडं, या कोपऱ्यातलं एवढंच, असं करत आपण खाली जात राहतो.

तिसऱ्या रात्री पोरं दिसली, दोन ठिपके डोक्यांचे आणि वर उचललेले हात. हात म्हणजे रेघा, पण हातच. लांडगिणीने मान मागे वळवून त्यांच्याकडे बघितलं होतं. साडेतीनपट भिंगात तिचा डोळा एक टिंब होता, आणि ते टिंब सोळाशे नव्वद वर्षं मातीत कोणी बघितलं नव्हतं.

चौथ्या रात्री तारे. डावा तारा काट्याने अलगद मोकळा झाला. उजव्यावर हिरवा फोड होता, दगडासारखा. काटा मोडला, काडी मोडली. रात्रीचे साडेअकरा झालेले. मी उठले, बॅगेतून दातांवरचं किटण खरवडायचा स्टीलचा स्केलर काढला. रोज दहा-बारा तोंडांत चालवते, माझा हात स्थिर आहे, काय होणार आहे? फोडाच्या कडेला टोक लावलं आणि जरासं उचकटलं.

फोड निघाला. सोबत तारा निघाला. त्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा आणि तळाशी चमकणारं ताजं गुलाबी तांबं. अगदी आईच्या वाटीतल्या रंगाचं.

मी चष्मा काढला, दिवा बंद केला आणि झोपायला गेले.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी

हे सगळं ऐकल्यावर कोल्हापूरचे दोन भाचे विचारत होते, आत्या, ते मशीन आपल्याकडे किती रुपयांना मिळतं? मिळतं, पण विचार सोडा. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, तेही आजच्या बाजारभावात! गडकिल्ल्यांवर आणि संरक्षित स्मारकांवर उकरणं हा वेगळा गुन्हा. इथल्यासारखी छंदिष्टांनी शनिवारी शेतात हिंडायची सोय तिथे नाही. पण घराच्या पायात, विहिरीच्या गाळात, आजोबांच्या फडताळात जुनी नाणी निघतातच. तेव्हा चिंच स्वयंपाकघरातच राहू द्या, फोटो दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंनी काढा, आणि कुठे, किती खोल, कशाशेजारी मिळालं ते लगेच लिहून ठेवा.

वाटणी

शेतकऱ्याशी लेखी करार अर्ध्या-अर्ध्याचा होता. सहा त्यांची, सहा माझी. मी बाराही नाणी घेऊन त्यांच्या घरी गेले आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. विणीची जोडी दाखवली, काय आहे ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मान डोलावली. सात नंबर दाखवलं, एका ताऱ्याचं. तेही पाहिलं.

मग म्हणाले, सहा काय करायची, मला एकच पुरे, चुलाण्याच्या वरच्या फळीवर ठेवायला. आणि बोट सरळ गुलाबी तिघांतल्या एकावर ठेवलं. ठिपके उठलेलं नव्हे, दुसरं, लांडगीण असलेलं पण पोरं नसलेलं. सगळ्यांत चांगलं हेच राहिलंय, म्हणाले.

मी विरोध करायला तोंड उघडलं होतं. पण नाणं त्यांच्या शेतातलं, आणि निवड त्यांची. मी सिलिका जेलची पुडी घातलेली एक छोटी डबी बळेच त्यांच्या हातात दिली, झाकण घट्ट ठेवा म्हणाले. त्यांनी डबी घेतली, पण नाणं फळीवर उघडंच, घड्याळाला टेकवून उभं केलं. मी फोटो काढला.

रात्री तो आईला पाठवला. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल. आईने चष्मा नाकावर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड आणलेलं, मला फक्त कपाळ दिसतंय.

"हे माझंच की गं," ती म्हणाली. "चिंचेचं."